बाबांची नाव, आईचं पाणी

आमच्या बाबांनी नाव बुडवली नाही हो, आईनं ती जिंकली!

बाबा अकोल्यात मोटारींचे फिटर. साठ-बासष्टच्या उन्हाळ्यात कोण्या साहेबानं टाकून दिलेली मासे धरायची ॲल्युमिनियमची नाव त्यांनी बैलगाडीवर घालून अंगणात आणली. पूर्णा नदीवर मासे धरायचं खूळ! महिनाभर रिबिटं ठोकून आमचे कान बधिर केले. शेवटी कुठं गळते ते पाहायला नाव विटांवर ठेवली आणि चार दिवसांनी एकदा येणारा नळ आल्याबरोबर काठोकाठ भरली. दोन दिवस थेंब गळला नाही. बाबा खूश. रविवारी पहाटेच नाव नदीवर न्यायला गाडीवान दारात हजर.

"चाल, पानी सांडू," बाबा त्याला म्हणाले.

आई नावेपुढं उभी. "काहून? नळ परवा येईन."

"अवं, नाव पान्यात असते!"

"मंग? पानी नावेत हाये ना!"

गाडी रिकामी परत गेली. बाबा गळ मांडीवर घेऊन नावेच्या काठाशी तोंड फुगवून बसले. आत भाकरी थापणाऱ्या आईनं मान वर करून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "त्यात गळ टाकू नका, प्याचं पानी हाये!"