आईचा चष्मा

मामा : अगं, गिऱ्हाईक परत येतंच. नवा चष्मा म्हटलं की चार दिवस डोकं दुखतं. त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?

भाची : एक नाही, तिघंजण परत आले. तिन्ही चष्मे मी बसवलेले. काल मालक सगळ्यांसमोर म्हणाले, उद्यापासून पुन्हा काउंटरवर उभी राहा, काचांना हात लावू नकोस.

मामा : मी बोलतो त्यांच्याशी.

भाची : काय बोलणार तुम्ही?

मामा : तुम्ही? आज मामा एकदम परका झाला का गं?

भाची : माप कसं घ्यायचं, ते पुन्हा एकदा सांगा.

मामा : आत्ता? जेवणाची सुट्टी संपत आली. आणि किती वेळा सांगू? डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, निम्मं करायचं. तेवढं डावीकडे, तेवढंच उजवीकडे.

भाची : आणि नाक बरोबर मधोमध नसलं तर?

मामा : नसलं तर... काय?

भाची : हेच मी तुम्हाला विचारलं होतं. मोबाइलवर एक बाई प्रत्येक डोळ्याचं माप नाकापासून वेगळं घेत होती. तुम्ही हसलात. म्हणालात, ही मंडळी उगाच फाटे फोडतात, व्हिडिओ बघून कुणी कारागीर झालंय का?

मामा : साध्या नंबराला निम्मं चालतं गं.

भाची : साध्या नंबराला. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलं की नाही चालत. ते तिन्ही चष्मे तसलेच होते. आणि तुम्हाला हे माहीत होतं.

मामा : कोण म्हणालं?

भाची : कुणी नाही. आईचा चष्मा बघितला, तोही तसलाच. मी करते म्हटलं, तर तुम्ही हातातून काच काढून घेतलीत. 'ताईचा चष्मा मीच करणार!' मला वाटलं, काय ही बहिणीवरची माया. आज सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा काचेवर कोरलेल्या बारीक खुणा शोधून मापल्या. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. तिचं नाक जरासं कललंय, ते तुम्ही बरोब्बर धरलंत. बहिणीला घेरी यायला नको. माझ्या गिऱ्हाइकांना आली तरी चालेल?

(मामा काचा घासायच्या मशीनवरचा दिवा बंद करतो.)

मामा : मालक म्हणाले होते, भाची तयार झाली की तुम्ही आराम करा. अगदी गोड बोलून. या वयात मला कोण उभं करणार?

भाची : मग मला का नाही सांगितलंत?

मामा : कोणत्या तोंडाने सांगू? कोर्स-बिर्स नको, पोरीला माझ्या हाताखाली दे, असं ताईला मीच म्हणालो होतो.

भाची : शिकवायला नाही म्हणाला असतात, तर रडले असते आणि दुसरीकडे शिकले असते. तुम्ही रोज डबा अर्धा टाकून शिकवत बसायचात. मी मनात म्हणायची, असा मामा नशिबानेच मिळतो. केसाने गळा कापलात, मामा.

मामा : थोडं हातचं राखलं, एवढंच.

भाची : हातचं राखलं असतंत, तर मला येत नाही एवढं तरी मला कळलं असतं. तुम्ही चुकीचं शिकवलंत आणि वर शाबासकी दिलीत.

मामा : मालकांना सांगितलंस?

भाची : नाही. माझं लक्ष नव्हतं, असं सांगितलं.

मामा : आणि ताईला?

भाची : तिला काय सांगू? ती अजून शेजारीपाजारी सांगत फिरतेय, माझ्या भावाने पोरीला मार्गाला लावलं म्हणून.

मामा : ये, बस इथे. आता सगळं दाखवतो. काही म्हणजे काही राखणार नाही.

भाची : नको. आता तुम्ही खरं सांगितलंत तरी मी ते दहा ठिकाणी विचारत बसेन. मालकांच्या हातापाया पडून एक संधी मागून घेतलीय. संध्याकाळी ते तिघं येताहेत. माप मी घेणार, त्या बाईने दाखवलं तसं.

मामा : सराव तरी कर. माझं घेऊन बघ.

भाची : बसा. पट्टी नाकावर ठेवतेय. हलू नका. समोर बघा.

मामा : बघतोय.

भाची : नाही बघत. माझ्याकडे बघा, मामा. तुम्ही खालीच बघत राहिलात तर मला मोजता येणार नाही.