टाचा टेकत न्हाईत तिच्या

हसू नका! आन् खुर्चीतनं उठवूबी नका मला, बसूनच सांगतो... हसायला ती हाय की तिकडं, नोएडात, माझ्या ल्योकाच्या घरात, अकराव्या मजल्यावर, टीव्हीशेजारी, सकाळ-सांज दात काढून! नातीची बाहुली वो! इतभर उंची, पिवळं केस, मुंगीची कंबर. म्हनलं, हिला नीट उभी करू, तर पडली. पुन्यांदा उभी केली, पुन्यांदा पडली. पाय बगितलं, आन् तुम्हाला सांगतो, घामच फुटला! चवड्यावर! चप्पल काढली तरी चवड्यावरच! टाचा टेकत न्हाईत तिच्या! आवं, जिच्या टाचा भुईला टेकत न्हाईत तिला आपल्या गावात काय म्हंत्यात? तोंडातनं नाव काढू? न्हाई काढत!

सुनंला सांगितलं, तर देवयानी हसायलाच लागली. "अहो बाबा, उंच टाचांच्या सँडलसाठी पाय तसे असतात. सगळ्या जगात आहे ती! डॉक्टर होते, पायलट होते... माझ्याकडे पण होती, थांबा!" आन् कपाटातनं काढून दावली, पंचवीस वर्सांमागची. तेच तोंड! तेच दात! मी म्हनलं, "सूनबाई, तुला चष्मा लागला, हिला एक सुरकुती न्हाई. कुनाचं आयुष्य पिती ही?" झालं, ल्योक जयेश भडकला, "बाबा, प्लास्टिक आहे ते!" आरं गाढवा, प्लास्टिक हाय म्हनून टाचा टेकल्या का तिच्या?

बरं, तेबी सोडा... पन पाच वर्सांची माझी क्षिप्रा, तीबी चवड्यावर चालाय लागली! पानी प्यायला चवड्यावर, जेवाय चवड्यावर! "क्षिपे, टाच टेक!" तर म्हंती कशी, "नहीं आजोबा, आम्ही अशाच चालतो." आम्ही? आम्ही म्हंजी कोन गं भवाने?...

पोर हातची जायची म्हनलं, आन् भर दुपारी पिशवीत नातीची बाहुली, लिंबू, हळद-कुकू घालून निघालो उतारा टाकाय. तिकाटनं, तीन वाटा मिळत्यात ती जागा, हुडकतोय, तर तिथं तिकाटनं कुठलं? गोलचक्कर! ठिवली कडंला. उतारा टाकल्यावर मागं वळून बघायचं नसतंय, म्हनून गेलो नाकाम्होरं, रस्ता वळतोय, मी वळतोय, वळतोय... तर म्होरं कोन? तीच! हसतीया! तीन डाव असं झालं! देवाला कदी घातली न्हाई एवढी प्रदक्षिना घातली!

कसाबसा घरी आलो, तर बेल. सोसायटीचा गार्ड. "ताऊजी, आपकी गुड़िया गिर गई थी!" घेतली, करतो काय, ठिवली टीव्हीशेजारी. पुन्यांदा बेल. इस्त्रीवाली. "बाऊजी, बिटिया की गुड़िया सड़क पे पड़ी थी. इसको कौन नहीं पहचानता!" हातात बाहुली! मी मागं बगतो, टीव्हीशेजारी बाहुली! आवं, मी एकच टाकली हुती!

तिसऱ्यांदा बेल. आता उघडतोय व्हय! दाराला ते भिंग असतंय, त्याला डोळा लावला... बाहेर कुनीच न्हाई. बेल वाजतीया. म्हनलं, खाली हाय का काय, इतभर उंचीचं? म्हनून आनखी वर हून, आनखी ताणून बगतोय, तर मागनं टाळ्या! क्षिप्रा! "शाब्बास आजोबा! तुमच्या पण टाचा टेकत नाहीत!"

खाली बगितलं...

आठ दिस झालं गावी येऊन. तवापासनं बसूनच बोलतोय.