निम्मी पूड शेजारच्या खाटेला

माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे सत्कारमूर्ती डॉ. मल्लिनाथ बिराजदार, आणि सोलापुरातून व गावोगावहून आलेले सुहृदहो,

गौरवाचे भाषण मी लिहून आणले होते. ते आता माझ्याने वाचवणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस एकाएकी भरकटतो, पोटच्या लेकीलाही ओळखत नाही. या डिलिरियममागे शरीरातला दाह असावा आणि जवस-हळदीच्या पुडीने तो आटोक्यात यावा, हे मल्लिनाथ सरांचे अनुमान. त्याची चाचणी मी आखली. एका खाटेला खरी पूड, शेजारच्या खाटेला दिसायला तशीच, पण गुण नसलेली. दोन्हीकडे भ्रमाचे प्रमाण सारखेच निघाले. याच सभागृहात मी निकाल दिला: पूड निरुपयोगी. वर मीच म्हणाले, जवस चटणीतच शोभते. आपण हसलात. सरही हसले, आणि त्यांचे काम तिथेच थांबले.

मघाशी चहाच्या वेळी मैंदर्गीच्या सोनाबाई भेटल्या. त्यांचे यजमान त्या चाचणीत होते. पूड नेमाने दिलीत ना, असे मी विचारले. खरे तर थोडे परीक्षकाच्याच सुरात.

"व्हय की मॅडम. निम्मी आमच्या मालकाला, निम्मी शेजारच्या खाटेवरल्या आप्पांना. त्यांच्यातली निम्मी आमाला. दवाखान्यात एकट्यानं खायचं व्हय?"

इथे आलेल्या इतर कुटुंबांनाही विचारले. सगळ्यांनी वाटून घेतली होती; वॉर्डात भाकरी-ताक जसे इकडून तिकडे जाते, तशीच. त्यांचे काय चुकले? जेवणाच्या वेळी मी एकदाही त्या वॉर्डात उभी राहिले नव्हते. दोन्ही खाटांनी तेच मिश्रण खाल्ले, तर फरक दिसावा कुठून?

पूड गुणकारी आहे, असे मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही, एवढेच म्हणता येते, आणि हे वाक्य उच्चारण्याची मला सवय नाही. सर, तुमचे काम मी बंद पाडले आणि आज तुम्हालाच शाल द्यायला उभी आहे. मान वर करवत नाही.

सरांना हे मी मघाशी व्यासपीठावर चढताना पायरीवरच सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा करा की मॅडम, मीही येतो. पण खाटा लांब ठेवून भागायचं नाही. लोक चालत जाऊन वाटतील."

अहवाल मी मागे घेत आहे. संयोजकांनी मला बोलू दिले, आपण ऐकलेत, यासाठी मी ऋणी आहे. या भाषणात काही कमीअधिक झाले असेल, तर पोटात घाला. अहवालातले मात्र घालू नका.