दोर सोड, बाय

माझं माहेर आटपाडीकडचं, पावसानं पाठ फिरवल्याला मुलूख. आई लवकर गेली, दादा फौजंत, अन् मला दिली रहिमतपुराला, तिकडं ऊस, हिरीला पानी. दुष्काळ पडला, आबा, माझा बाप, एकलं, म्हनून मी माहेरी आले. काय सांगू तुमास्नी, रानात हिरवी काडी न्हाई, लिंबाचा पालासुदीक वरबाडून जनावरास्नी घातल्याला.

आमचा बैल हरन्या, त्यो बसला. दुष्काळात बसल्यालं जनावर पुन्ना उठत न्हाई, म्हनून लोक पोटाखालनं पोती घालून, दोरानं झाडाला टांगून उभं करायची. हरन्यालाबी दारातल्या लिंबाला टांगला. पाय नुसतं भुईला टेकल्यालं, डोळ्यातनं पानी. मग आबाच म्हनलं, सोड गं बाय दोर. आवं आबा, मरंल की त्यो. मरंल तर मरंल, दमल्याली जमीन आपुन पडीक ठिवतो का न्हाई, तिच्याकडनं वढून घ्यायचं थांबतो का न्हाई, मग ह्यो काय येगळा हाय? मी दोर सोडला. आबांनी त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं, सांजंला गेला बगा.

फुडं आबांच्याच पोटात गाठ निघाली. मिरजंच्या दवाखान्यात नाकात नळी, सलाईन, हात हालवत्यात म्हनून पट्टीनं खाटंला बांधल्याला. डागदर भला मानूस, म्हनला, बाई, बरं करनं आमच्या हातात न्हाई, दिस वाढवनं तेवढं हाय. दादाची तार आली, मी येईस्तवर आबास्नी जगवा. अन् आबा, आवाज फुटंना तरी माझ्याकडं बगून म्हनलं, दोर सोड, बाय.

लय रडले वो मी. बैलाचा सोडनं निराळं, बापाचा निराळं. पर बैलाला लावल्याला न्याय त्यांनी सोतालाबी लावला, मग मी कोन नगं म्हननारी? घरी आनलं, त्याच उघड्याबोडक्या लिंबाखाली खाट टाकली, चमच्यानं पानी पाजलं, डोस्कं मांडीवर घेतलं.

दादा आला तवा राख सावडून झाल्याली. एवढंच बोलला, लढाईत मरनाऱ्या गड्याचाबी हात मी सोडला न्हाई, तू बापाचा सोडलास. तवापासनं माहेर तुटलं.

मी केलं ते बरूबरच केलं, पर दादाबी खोटा न्हाई, त्येला बाप बगायलाबी घावला न्हाई. आता भाऊबिजंला ताट घिऊन अंगनात जाते. ज्यांस्नी भाऊ न्हाई त्या चंद्राला ओवाळत्यात. माझा भाऊ हाय, तिकडं बर्फात हुबा हाय. त्येला औक्ष लाभू दे म्हनते, अन् चंद्राला ओवाळते.