पप्पूनं दोनदा दिलेलं रक्त

...अवो, गाय उलटली, गाभन न्हाई राह्यली, तवा ह्योच आमचा सावळाराम गुरांच्या डॉक्टरच्या गाडीची चावी काढून घिऊन भर रस्त्यात उभा राह्यला व्हता! "माझी गाय सोन्यासारखी हाय, तुझी बीजाची कांडीच बोगस, दुसरी भर!" गाईची बाजू घेतली का न्हाई? घेतली! आन् घरात सहा वरसं सुनेला पोर न्हाई झालं, तवा? तवा कांडीचं कुनी नावच काढंना! सून बदला! आन् म्हनं दोष बाईचा!

तुमाला सांगतो, सावळाराम माझा चुलतभाऊ. धाकटा हाय म्हून म्या सावळ्याच म्हनतो, कामथडीत त्यो मोठा मानूस असंल तर असू दे. त्याला दोन ल्योक. धाकटा पप्पू, त्याला दोन पोरं. थोरला इंद्रजित, त्याला... न्हाई. इंद्रजितची बायकू सुलक्षणा, सारोळ्याची. काय केलं न्हाई वो त्या पोरीनं? अनवानी सोमवार केले, कुना बाबाचं तांब्या तांब्या कडू पानी प्याली, पुन्याला जाऊन समद्या तपासन्या करून आली. तिथला डॉक्टर म्हनला, "यांच्यात काही दोष नाही, मिस्टरांना पाठवा." मिस्टर! मिस्टर गेले का? मिस्टर पाइपलाईनचं काम काढून बसले! आन् पप्पूच्या पोराच्या बारशाला ही पाळन्याच्या दोरीला हात लावाया गेली, तर एक म्हातारी म्हनती, "तू लांबच ऱ्हा गं बाय." भर बारशात! पोर गेली मागल्या दारी आन् खरकटी भांडी घासत बसली, घासल्याली परत घासत बसली... आन् सावळ्या तवर वेल्ह्याला जाऊन इंद्रजितसाठी दुसरी पोरगी बघून आला. पोहे खाऊन! वर परत मागून!

अशात नसरापूरला त्या पद्मजाबाई आल्या. लई शिकल्याल्या, पुन्याच्या, संशोधन करत्यात. कशावर? पुरुषाला पोर का व्हत न्हाई, ह्याच्यावर. पुरुषाला! म्या म्हनलं बाई, आदी हात जोडू द्या, तुमच्यासारखं मानूस हिकडं चुकून आलं असंल. त्यांचं म्हननं असं, की गड्याचं रक्त घ्यायचं, त्याच्या बापाचं घ्यायचं, भावाचं घ्यायचं, तिनी शेजारी ठिवायचं, आन् कुठं काय कमी हाय ते हुडकायचं. शिवाय गड्यानं एका डबीत... जाऊ द्या, हितं बाया बसल्यात, डबीचं तुमचं तुमी समजून घ्या.

सुलक्षणानं सासऱ्याचे पाय धरले. "मामंजी, येवढं एकदा करा, मंग मला सोडा न्हाईतर ठिवा." सावळ्या लगीच कबूल! म्या म्हनलं सुधारला गडी! कसला सुधारतोय? नसरापूरला सकाळी बापाचं रक्त दिलं, बरूबर. भाऊ म्हून पप्पूनं दिलं, बरूबर. आन् दुपारी, तुमाला सांगतो, त्योच पप्पू, शर्ट बदलून, टोपी घालून, तोंडाला मास्क बांधून, परत जाऊन बसला! "नाव?" "इंद्रजित." रक्तबी दिलं आन् ती डबीबी दिली! आन् खरा इंद्रजित? त्यो बाहीर टेम्पोत बसून शेंगा खात व्हता!

अवो, म्या जलमभर लोकांना बनवलं. सरपंचाला भूत दाखवलं, भटजीला गाढवाच्या बारशाचं आवतन दिलं, पन इतकी रद्दड बनवाबनवी आमच्या खानदानात कुनी केली न्हाई! मला इचारलं असतं तर शेजारच्याला तरी बसवला असता!

पयला रिपोर्ट डबीचा आला. उत्तम! का नसंल? दोन पोरांच्या बापाची डबी! सावळ्यानं पेढे वाटले. "बघा! आमचं पोरगं खणखणीत! म्या काय म्हनत व्हतो?" आन् म्हनं दोष बाईचा! वेल्ह्याला फोन गेला, तारीख धरा. सुलक्षणाच्या भावाला फोन गेला, बहिनीला घिऊन जा. ती पेढा हातात धरून उभी. खाईना बी, ठिवंना बी.

आन् रक्ताचा रिपोर्ट घिऊन बाई सोता आल्या की दारात! ओसरीवर बसल्या, पानी प्याल्या, आन् कशा गोड आवाजात म्हनल्या, "काका, एक घोटाळा झालाय. तुमच्या दोन्ही मुलांच्या नळ्यांमध्ये एकाच माणसाचं रक्त आहे."

सावळ्या घाबरला का? छ्या! मिशीवर हात फिरवून म्हनतो, "जुळी हायत."

बाईंनी इंद्रजितकडं बघितलं. टक्कल पडाय लागल्यालं. पप्पूकडं बघितलं. गालावर अजून पुटकुळ्या. "जुळी?" मला ऱ्हावतंय व्हय? म्या म्हनलं, "व्हय बाई, थोरला सकाळच्या एसटीनं आला, धाकट्याची एसटी चुकली, त्यो सात वरसांनी पोचला!"

बाई खो खो हसल्या, पप्पू गोठ्यात पळाला, आन् सुलक्षणा... तुमाला सांगतो, घरात सहा वरसं त्या पोरीचा आवाज चढल्याला कुनी ऐकला नव्हता. ती म्होरं आली आन् नवऱ्याला म्हनली, "भावजींनी तुमच्यासाठी दोनदा दिलं. तुमी माझ्यासाठी एकदा द्या की वो."

इंद्रजितनं बाही वर केली. भाताचं पोतं एका हातानं फेकनारा गडी, सुई बघून बायकूचा पदर धरून बसला! पन दिलं बाबा. दुसऱ्या दिशी जाऊन डबीबी दिली.

मंग खरा रिपोर्ट. डबीत? शून्य. एक म्हून एक न्हाई. आन् रक्तात? बाईंनी लई समजावून सांगितलं, म्या चौथी नापास, मला कळलं ते सांगतो. बापाकडनं ल्योकाकडं एक तुकडा येतो, पोरींकडं येतच न्हाई. त्या तुकड्यात गड्याचं बी तयार करायची अक्कल असती. इंद्रजितच्या तुकड्यात तेवढीच जागा गळाल्याली. म्या म्हनलं, म्हंजी मळनीयंत्र हाय, इंजन हाय, धडधडतंय बी झ्याक, नुसता पट्टा न्हाई. मंग दाना कुठनं पडंल? बाई म्हनल्या, "अगदी बरोबर, आजोबा!" ती जागा बापाची शाबूत, पप्पूची शाबूत, ह्याचीच जन्माच्या आदी गळाली. कुनाचं पाप न्हाई, कुनाचा शाप न्हाई. कुनाचाच दोष न्हाई म्हनल्या बाई.

कुनाचाच न्हाई म्हनल्यावर सावळ्याला झोप लागंल व्हय? म्हनतो, "मंग लग्नानंतर गळाली असंल. हिच्या पायगुनानं!" बाई म्हनल्या, "अहो, जन्माच्या आधी!" तर वळला बायकूकडं, ठकुबाईकडं! "मंग तुझ्या पोटात गळाली!" ठकुबाई भाकरी थापता थापता म्हनली, "तुकडा बापाकडनं येतो म्हनल्या न्हवं त्या? माझ्याकडं कशाला बघताय? खिसं तपासा तुमचं!" तरी ह्यो ओसरीवर पुटपुटतोय... आन् म्हनं दोष बाईचा!

सुलक्षणानं पिशवी भरली. आता सावळ्याचं लोनी झालं. "सूनबाई, आता कुठं निगाली? मिटलं की समदं. वेल्ह्याला नकार कळवलाय." ती म्हनली, "तुमचं मिटलं, मामंजी. गावानं मला सहा वरसं वांझ म्हनलं, ते तुमी ऐकत बसला. आता गावाला खरं सांगा. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी येते." आन् गेली सारोळ्याला.

सांगनार कोन? इंद्रजित खरंच गेला, वो. डेरीवर समदी जमल्याली, मधी उभा राह्यला, घसा खाकरला, तोंड उघडलं... आन् म्हनला, "आज फॅट किती लागली?" आला माघारी, रडत. बायकूवर जीव हाय गड्याचा, पन जीभ न्हाई. पप्पूनं सांगावं तर त्याला दोन नळ्यांची लाज. मंग सावळ्या आला माझ्याकडं, हात जोडून, डोळ्यांत पानी. "तात्या, तुमी मोठे. तुमीच सांगा गावाला. समद्यांला सांगा, कुनाला सोडू नका."

मला भरून आलं, तुमाला सांगतो. म्या कामथडी पालथी घातली. किकवीला गेलो, बाजारात सांगितलं, पारावर सांगितलं, लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आदी सांगितलं. रक्त सांगितलं, तुकडा सांगितला, पट्टा सांगितला, रिपोर्टचा फोटू मोबाईलवर दाखवला! आन् काल कुठं माझ्या ध्यानात आलं, त्या बेरक्यानं येवढ्या तालुक्यातनं मलाच का धाडलं... कारन जिथं जातो तिथं मानसं पोट धरत्यात, माझ्या पाठीवर थाप मारत्यात आन् म्हनत्यात, "तात्या, ह्या वयात काय थाप काढलीय वो, पप्पूनं दोनदा रक्त दिलं म्हनं! सांगा, परत सांगा!"