पाना कोणाकडे होता

जबाब देणार: टेलरबाई या नावाने ओळखतात. वय ६९ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला.

सोलरवाल्या मिस्त्रीने माझ्या सुनेविरुद्ध पोलीस चौकीत केलेल्या तक्रारीबाबत मला समोर बसवून विचारण्यात आल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा व सून (वय ३४, घरकाम) असे राहतो. मला फुप्फुसाचा आजार असून रात्री ऑक्सिजनचे मशीन लावून झोपावे लागते. वीज वारंवार जाते म्हणून आमच्याकडे सोलर आहे. त्याची जुनी लिथियम बॅटरी पहाटेच संपायची, म्हणून जोडीला दुसरी घेतली.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास ती बसवायला सोलरवाला मिस्त्री आला. मुलगा कामावर गेला होता. मी शिलाई मशीनवर बसले होते. मिस्त्रीने नवी बॅटरी खोक्यातून काढली आणि थेट जुनीला जोडायला घेतली. सून म्हणाली, "दादा, थांबा. आधी दोन्हींचे व्होल्ट बघू." तिने स्वतः मीटर लावून दाखवला. जुनी भरलेली होती, २७.२. नवी अर्धवट, २६.१. ती म्हणाली, "दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, सारख्या झाल्या की मग जोडा. नाहीतर भरलेलीतली वीज हिच्यात एकदम धावेल, तारा तापतील. तुमच्याच माहितीपुस्तकात सातव्या पानावर आहे."

मिस्त्री म्हणाला, "अहो ताई, एवढ्याशा फरकाने काही होत नाही. पुस्तकं वाचून कामं होत नसतात. मला अजून तीन घरं उरकायचीत. घरात कोणी पुरुष माणूस आहे का?"

मी म्हणाले, "मोठं माणूस आहे. चालेल? आणि ते सांगतंय की तिचं ऐका."

त्याने ऐकले नाही, पुन्हा पाना लावला. तेव्हा सुनेने तो त्याच्या हातातून काढून माझ्या मशीनच्या फळीवर ठेवला. तिने त्याला बोटही लावलेले नाही. ती भाजीवाल्यालासुद्धा अहो-जाहो करते. धक्काबुक्की तिला सांगूनही जमणार नाही.

सुनेने पाना दडवला असे तक्रारीत लिहिले आहे, ते साफ खोटे आहे. पाना मी दडवला. खुर्चीच्या उशीखाली सरकवला आणि वर बसून राहिले. मिस्त्री फळीखाली, खोक्यात, स्वतःच्या पिशवीत शोधत होता. मला चांगलाच टोचत होता, तरी मी उठले नाही. सुनेला यातले काही माहीत नव्हते. बाराच्या सुमारास मिस्त्री तणतणत आपल्या पायांनी निघून गेला. पाना आज सोबत आणून इथे जमा केला आहे. काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी. तिचे नाव तक्रारीतून काढावे.

नंतर सुनेने नवी बॅटरी वेगळी चार्जरवर लावली. बुधवारी दुपारी मीटरने दोन्हींवर २७.२ दाखवले. तिने अंगठी आणि बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, सगळी बटणे बंद केली आणि प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडले. पाना शेजाऱ्यांकडून मागून आणला, कारण मी तेव्हाही गप्पच होते. प्रत्येक नट तिने दोनदा तपासला. माझ्या हातातल्या बांगड्या मात्र वाजत होत्या.

तेव्हापासून माझे ऑक्सिजनचे मशीन सकाळपर्यंत चालते.

ती ते पुस्तक घेऊन बसायची तेव्हा मी तिला टोमणे मारले आहेत. अकरा वर्षांत तिचे कधी तोंडभरून कौतुक केल्याचे मला आठवत नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो. हे जबाबात घ्यायची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले, पण मी घ्यायला लावले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. सुनेपुढचा 'घरकाम' हा शब्द खोडून तिथे 'बॅटरीजोडणी' असे लिहून घेतले व शेजारी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. वाचताना दार उघडे ठेवून मोठ्याने वाचा असे मीच सांगितले होते, कारण सून बाहेर बाकावर बसली आहे.