मैनाबाईच्या रेघा

नाय हो मंगलाताई, तो जबानीचा कागद पिशवीत ठेवा आधी— वकिलानं दिलाय ना, दिसतंय, अंगठ्याची जागापण सोडलीय— पण मी कुठं काय बघितलंय? तुमची रुचिता बातमीदार, दहा गावं फिरायची, एका आमच्या मुरबे गावालाच यायची होय? माझ्या ओट्यावर बसायची? बसायची. बरं, बसायची. जेवायचीपण— बोंबलाचं कालवण स्वतःच्या हातानं वाढून घ्यायची, खोटं कशाला बोलू. माझा मालक बोटीवरनं पडून गेला तेवा सगळे पेपरवाले फोटो काढून पळाले नि ही तेरा दिवस किनाऱ्यावर माझ्याजवळ बसून होती. पण ताई, युद्धाच्या दिवसांत पोरीनं वही घेऊन समुद्रावर फिरायचं का? दिवे बंद, बोटी बंद, वर विमानं— आणि ही भरती-ओहोटीच्या वेळा लिहितेय! पोलीस धरणारच की.

आणि तो नकाशा. समुद्रातनं निघालेली रेघ सरळ तारापूरच्या अणुभट्टीच्या चिमणीवर! पोलिसांचा साहेब म्हणाला, हा नेम धरलाय, शत्रूला वाट दाखवलीय. मला हसायलाच येत होतं. अहो, नेम कसला? बोटीवरनं बघताना देवळाचा कळस नि मागची चिमणी एका रेषेत आली, नि इकडं टेकडीवर ताड आला, की समजायचं— खाली खडक हाय, जाळं फाटणार. आमचे लोक अशाच खुणा जुळवून समुद्र ओळखतात. इथं नवं बंदर झालं की या जागा जाणार, त्याच्या आधी कागदावर आणू मावशी, रुचिता म्हणायची. तिला काय ठाऊक खडक कुठं? तिकडं आतल्या सरावली गावची पोर, कधी बोटीत पाय नाय ठेवला! मालकानं मला वाळूत काढून दाखवलेलं, तसं मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली नि—

बघा. बोलून गेले.

हो, मीच ओढल्या त्या रेघा. आता काय करू? साहेबानं माझ्या पोराच्या, विनोदच्या बोटीचे कागद हातात धरून विचारलं, हिला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, आमी त्या बाईला ओळखतच नाय. तेरा दिवस बसली होती हो माझ्याजवळ, आणि मी असं म्हटलं. आज अंगठा दिला तर उद्या विनोदला उचलतील— आई हेर, मुलगा हेर. तुमची तर आत गेलीच, आता माझापण जाऊ दे म्हणता?

रडू नका. तुरुंगात सातवा महिना ना? जामीन परत नाय म्हणाले? वाळलीय? वाळणारच... भेटीला गेलात तेवा काय म्हणाली? माझ्याबद्दल?

कायच नाय? साहेबानं एवढं विचारलं तरी माझं नाव घेतलं नाय? माझ्या भरवशावर बोललेल्या माणसाचं नाव मी देणार नाय— असं म्हणाली?

मग ताई... तुमीपण माझं नाव घेऊ नका. उठा. विनोदची बोट लागायची वेळ झाली.